दोन वनवास



१९८७ च्या जानेवारीत दूरदर्शनवर रामानंद सागर यांची ‘रामायण’ मालिका सुरू झाली, तेव्हा मी प्राथमिक शाळेत होतो. मालिका रविवारी सकाळी साडेनऊला लागायची आणि आमची मुलांची मिस्सा आठला असायची. फादरांचे प्रवचन लांबले की आम्ही मुले बाकावर चुळबुळ करू लागायचो. शेवटचा आशीर्वाद मिळताच जी धाव ठोकायचो ती थेट शेजारच्या काकांच्या ओटीवर. आमच्या आळीत टीव्ही तेवढ्या एकाच घरी होता. काकांची म्हातारी आई मालिका सुरू होण्याआधी टीव्हीपुढे उदबत्ती लावायची. आम्ही ख्रिस्ती मुले गळ्यातल्या क्रुसासह मांडी घालून बसायचो आणि आम्हाला तिथून कधी कोणी उठवले नाही.

एक रविवार मला अजून आठवतो. लंकेचे युद्ध संपले होते. रावण मारला गेला होता. आम्हा मुलांच्या दृष्टीने गोष्ट संपल्यातच जमा होती. आणि मग सीता अग्नीत शिरली. ती आजी डोळ्याला पदर लावून रडत होती. पडद्यावरच्या रामाला हात जोडलेले ठेवूनच ती म्हणाली, “देवा, तिनं रे काय केलं होतं?”

हात जोडलेले आणि तोंडात प्रश्न! एकाच वेळी भक्तीही आणि तक्रारही. त्या वेळी मला ते कळले नाही. आज मी चाळिशी ओलांडली आहे, सेमिनरीत तत्त्वज्ञानाची पदवी घेतली आहे, तरी त्या आजीच्या प्रश्नापुढे माझी पुस्तके अजून अपुरी पडतात. म्हणून या रविवारी त्या प्रश्नाविषयी चार शब्द.

सुरुवातीलाच सांगतो, आपल्या शेजाऱ्यांच्या आराध्यदैवताची उलटतपासणी घेणे हा माझा हेतू नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी ‘नोस्त्रा एताते’ या घोषणापत्रातून आपल्याला शिकवले की, इतर धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे ते ख्रिस्तसभा नाकारत नाही. फादर कामिल बुल्के यांचे उदाहरण आपल्यासमोर आहे. हे बेल्जियमचे येशूसंघीय धर्मगुरू १९३५ साली भारतात आले आणि पुढे भारताचे नागरिक झाले. अलाहाबाद विद्यापीठासाठी त्यांनी रामकथेची उत्पत्ती आणि विकास या विषयावर प्रबंध लिहिला, तोही इंग्रजीत नव्हे तर हिंदीत. १९७४ साली भारत सरकारने त्यांना पद्मभूषण दिले. आयुष्यभर रामकथा वाचूनही त्यांचा पुरोहिताचा झगा सैल झाला नाही. उलट रामभक्तांच्या घरात ते आपल्या माणसासारखे वावरले. त्यांच्याच वाटेवरून दोन पावले चालावे, एवढाच माझा विचार आहे.

प्रश्नाने सुरू होणारे काव्य

वाल्मिकींच्या रामायणाची सुरुवात मोठी सुंदर आहे. ते एका प्रश्नाने सुरू होते. वाल्मिकी नारदमुनींना विचारतात: आज या जगात असा कोण आहे, जो गुणवान आहे, पराक्रमी आहे, धर्म जाणतो, उपकार विसरत नाही, सत्य बोलतो आणि घेतलेले व्रत मोडत नाही? परंपरेने त्या प्रश्नातले सोळा गुण मोजले आहेत. नारद म्हणतात, इतके गुण एकाच ठिकाणी मिळणे कठीण. पण असा एक माणूस आहे, राम.

म्हणजे या महाकाव्याला आधी शोध आहे तो चांगल्या माणसाचा. देव पृथ्वीवर आला हे त्यात आहेच, परंतु वाल्मिकींचा राम स्वतः तसे म्हणत नाही. युद्धकांडात देव येऊन त्याला त्याचे खरे रूप सांगतात, तेव्हा तो उत्तर देतो की, मी तर स्वतःला माणूसच समजतो, दशरथाचा मुलगा. म्हणूनच त्याला ‘मर्यादापुरुषोत्तम’ म्हणतात. मर्यादेत राहून, माणसाच्या सीमेत राहून, माणसाने किती उंच व्हावे याचा तो आदर्श. आणि आदर्श म्हटला की त्याला प्रश्न विचारण्याचा अधिकार माणसाला आपोआप मिळतो.

पहिला वनवास

रामाचा पहिला वनवास सर्वांना ठाऊक आहे. उद्या राज्याभिषेक, सारी अयोध्या सजलेली, आणि आदल्या रात्री कैकेयी आपले दोन वर मागते: भरताला राज्य आणि रामाला चौदा वर्षे वनवास. वाल्मिकी सांगतात की, ही बातमी ऐकून रामाच्या चेहऱ्यावरचे तेज कमी झाले नाही. वडिलांनी शब्द दिला होता. मुलाने तो पाळला. लक्ष्मण चिडला, कौसल्या रडली. पुढे भरत चित्रकूटला जाऊन परत चल म्हणून विनवू लागला. जाबाली नावाच्या ब्राह्मणाने तर युक्तिवादच केला की, मेलेल्या बापाच्या शब्दाला कसले बंधन? राम हलला नाही. शेवटी त्याच्या पादुका घेऊन भरत परतला आणि नंदिग्रामात राहून त्या पादुकांच्या नावाने राज्य चालवू लागला.

या प्रसंगात रामाचा मोठेपणा कशात आहे? त्याने शब्द पाळला यात तर आहेच. पण त्या शब्दाची किंमत त्याने स्वतः मोजली, हे मला त्याहून मोठे वाटते. राज्य त्याचे गेले. पाय त्याचे रक्ताळले. सीता बरोबर गेली, पण तिला कोणी पाठवले नव्हते. रामाने तिला घरी राहण्यास सांगितले होते. तिनेच वाद घातला, हट्ट धरला आणि आपल्या निर्णयाने ती वनात निघाली. लक्ष्मणही स्वतःच्या इच्छेने गेला. त्यागात सहभागी होणाऱ्या प्रत्येकाला ‘हो’ म्हणण्याची संधी मिळाली होती.

दुसरा वनवास

आता दुसरा वनवास पाहू. चौदा वर्षे संपली आहेत, राम राजा झाला आहे, सीतेला दिवस गेले आहेत. भद्र नावाचा एक जण राजाला सांगतो की, नगरात कुजबुज आहे: रावणाने पळवून नेलेली, त्याच्या घरी राहिलेली बायको राजाने परत कशी घेतली? आता आम्हालाही आमच्या बायकांचे असेच सोसावे लागणार. (धोब्याची जी गोष्ट आपण ऐकतो ती वाल्मिकींमध्ये नाही, ती नंतरच्या कथांतून आली आहे.)

राम भावांना बोलावतो. तो सांगतो की, माझे अंतःकरण जाणते, सीता शुद्ध आहे. हे वाक्य नीट लक्षात ठेवण्यासारखे आहे, कारण रामाच्या मनात संशय नाही. तरीही लोकापवादाच्या भीतीने तो तिला सोडण्याचे ठरवतो आणि भावांना बजावतो की, यावर मला कोणी काही बोलू नये. गंगेकाठचे आश्रम पाहण्याची इच्छा सीतेने बोलून दाखवली होतीच. त्याच निमित्ताने लक्ष्मण तिला रथात बसवून नेतो आणि गंगा ओलांडल्यावर रडत रडत सांगतो की, राजाने तुझा त्याग केला आहे. तोपर्यंत तिला काहीच माहीत नसते.

पहिला वनवास रामाने घेतला. दुसरा त्याने दिला. पहिल्यात सगळ्यांना बोलू दिले गेले. दुसऱ्यात ज्या व्यक्तीचे आयुष्य पणाला लागले होते, तिला एका शब्दानेही विचारले गेले नाही.

रामाच्या बाजूने

सेमिनरीत आम्हाला शिकवले होते की, एखाद्या मताला उत्तर देण्याआधी त्याची सर्वांत बळकट बाजू मांडावी. संत थॉमस अक्वायनस नेहमी तसेच करीत. म्हणून रामाच्या बाजूने जे म्हणता येईल ते प्रामाणिकपणे म्हणू.

राजा हा सामान्य नवरा नाही. त्याच्या घरातल्या गोष्टीवरून प्रजा न्याय-अन्याय ठरवते. ज्याच्या न्यायावर लोकांचा विश्वास उडाला, त्याचे राज्य उभे राहू शकत नाही. आज सत्तेवरची माणसे आपल्या घरच्यांसाठी नियम वाकवतात हे आपण रोज पाहतो. इथे एका राजाने आपल्या सर्वांत प्रिय व्यक्तीसाठीही नियम वाकवला नाही. आणि तो सुखातही राहिला नाही. त्याने दुसरे लग्न केले नाही. अश्वमेध यज्ञाला पत्नी शेजारी लागते, तर त्याने सीतेची सोन्याची मूर्ती बसवली. दुःख त्यालाही झाले, आणि ते जन्मभराचे होते.

आणखी एक मुद्दा अभ्यासकांचा आहे. उत्तरकांड हा भाग मूळ वाल्मिकींचा नसून नंतर जोडला गेला असे अनेक विद्वान मानतात. फादर बुल्केही त्यांपैकी एक. तो मान्य केला तरी आजीचा प्रश्न सुटत नाही. अग्निपरीक्षा युद्धकांडातच आहे. आणि नंतर कोणी जोडले म्हणावे, तर शेकडो वर्षे लोकांनी ती कथा आपली म्हणून का सांगितली, हा प्रश्न उरतोच.

हे सारे मानूनही माझे मन एका ठिकाणी अडते. राजेपण आणि पतीपण यांत निवड करायची वेळ आली, तेव्हा तिसरा एक रस्ता होता आणि तो रामाला चांगला ठाऊक होता. एकदा त्याने सिंहासन सोडले होतेच! भरताने चौदा वर्षे राज्य सांभाळून दाखवले होते. वडिलांच्या शब्दासाठी जो सिंहासनावरून उठला, तो सीतेसाठी का उठू शकला नाही? परंपरा सांगते की, राजाला प्रजा सोडता येत नाही. असेलही. पण आपले सुख सोडणे वेगळे आणि दुसऱ्याचे सुख सोडून देणे वेगळे. सीता ही रामाची प्रिय व्यक्ती होती. परंतु ती त्याची वस्तू नव्हती की तिचे त्याने दान करावे. तत्त्वज्ञ कांट यांनी सांगितले आहे की, माणसाला केवळ साधन म्हणून कधीही वापरू नये. संत पौलानेही रोमकरांस पाठवलेल्या पत्रात, चांगले घडावे म्हणून वाईट करावे, हा विचार साफ नाकारला आहे.

हात जोडून विचारलेले प्रश्न

यात एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. हा प्रश्न बाहेरच्यांनी उपस्थित केलेला नाही. रामकथा सांगणाऱ्यांनीच तो सतत विचारला आहे. रामाने आडून बाण मारला, तेव्हा मरणाऱ्या वालीच्या तोंडी वाल्मिकींनी रामाला धारेवर धरणारे सबंध भाषण घातले आहे. कालिदासाच्या ‘रघुवंशा’त वनात सोडलेली सीता लक्ष्मणाबरोबर निरोप पाठवते, तेव्हा ती रामाचा उल्लेख पती म्हणून करीत नाही, राजा म्हणून करते. एका शब्दात केवढा दुरावा! आठव्या शतकातील भवभूतीने ‘उत्तररामचरित’ लिहिले. त्यात राम जुन्या वनात परत येऊन धाय मोकलून रडतो आणि वनदेवता वासंती त्याला जाब विचारते. भवभूतीला मूळचा शेवट सोसला नाही. त्याने राम आणि सीता यांची भेट घडवली. ‘अध्यात्म रामायणा’ने आणि तुलसीदासांनी सांगितले की, रावणाने नेली ती सीतेची छाया होती, खरी सीता अग्नीत सुरक्षित होती. तुलसीदासांनी तर ‘रामचरितमानसा’त सीतेच्या त्यागाची कथाच सांगितली नाही. जे सांगवत नाही, ते भक्त गाळतो. ते गाळणेही एक उत्तरच आहे.

आपल्या महाराष्ट्रात काय झाले? गदिमा आणि सुधीर फडके यांचे ‘गीतरामायण’ १९५५ साली पुणे आकाशवाणीवरून सुरू झाले. त्यातल्या छप्पन्न गीतांपैकी शेवटाजवळचे एक गीत वनात एकट्या उरलेल्या सीतेच्या तोंडी आहे. आमच्या घरी त्याच्या कॅसेट होत्या. ते गीत लागले की माझी आई हातातले काम थांबवायची. जात्यावर दळता दळता आपल्या खेड्यापाड्यांतील बायकांनी सीतेच्या वनवासाच्या ओव्या रचल्या. हेमा राईरकर आणि गी प्वातवां यांनी आपल्या सहकाऱ्यांसह जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांत सीता ही राणी राहत नाही. ती सासरी सोसणारी, नवऱ्याने टाकलेली, आपल्यातलीच एक होते. यवतमाळ जिल्ह्यातील रावेरी या गावी तर एकट्या सीतेचे मंदिर आहे. तिथली दंतकथा अशी की, वनवासातल्या सीतेने लेकरांसाठी मूठभर गहू मागितले आणि गावाने दिले नाहीत. शेतकरी संघटनेचे नेते शरद जोशी यांनी पुढाकार घेऊन त्या मंदिराचा जीर्णोद्धार केला.

या बायकांनी रामाला सोडले नाही. त्यांनी रामाचे नाव घेतले आणि सीतेची बाजूही घेतली. आमच्या शेजारची आजी त्यांच्यातलीच होती.

आपल्या अंगणात

‘हे त्यांच्या पुराणातले, आपल्याकडे असे नाही,’ असे कोणाला वाटत असेल, तर त्याने जुना करार उघडावा. शास्ते या पुस्तकात इफ्ताह परमेश्वराला नवस बोलतो, की विजयी होऊन परतल्यावर घरातून जे पहिले बाहेर येईल ते अर्पण करीन. दारातून बाहेर येते त्याची एकुलती एक मुलगी. नवस बापाचा, किंमत लेकीची.

नव्या करारात मात्र एक प्रसंग आहे, जो मला रामकथा वाचताना नेहमी आठवतो. नासरेथचा योसेफ. मत्तय त्याला नीतिमान म्हणतो. मरिया गरोदर आहे हे त्याला कळते. नियम त्याच्या बाजूने होता. गाव त्याच्या बाजूने झाले असते. परंतु तिची बेअब्रू होऊ नये म्हणून तो गुपचूप दूर होण्याचे ठरवतो. आणि मग स्वप्नात देवदूताचे बोलणे ऐकून तिला घरी आणतो. रामाला असे स्वप्न पडले नाही, हे विसरून चालणार नाही. तुलना करून कोणाला गुण द्यायचे नाहीत. पण देवदूत येण्याआधीच योसेफने एक गोष्ट ठरवली होती: काहीही झाले तरी तिला गावाच्या तोंडी द्यायचे नाही. त्याच्या नीतिमत्तेत तिच्या अब्रूची काळजी सामावलेली होती.

माझी गोष्ट

आता जे सांगायचे आहे ते सांगणे मला सोपे नाही. काही वर्षांपूर्वी मी दुसऱ्या एका धर्मग्रामात होतो. तिथे धर्मशिक्षणाच्या वर्गाला एक शिक्षिका होत्या. नवरा आखातात नोकरीला, दोन लहान मुले. मनापासून शिकवायच्या. त्यांना एका सहकाऱ्याच्या गाडीवरून घरी येताना कोणीतरी पाहिले आणि कुजबुज सुरू झाली. काही पालक माझ्याकडे आले. मी चौकशी केली. त्यात काही तथ्य नव्हते. मला पूर्ण खात्री होती. तरीही धर्मग्रामात शांतता राहावी, मुलांच्या वर्गावर परिणाम होऊ नये, म्हणून मी त्यांना ‘काही दिवस’ थांबायला सांगितले. सांगितले तेही चिठ्ठी पाठवून. ते काही दिवस कधी संपले नाहीत. आणि मी थांबवले म्हणून जे बोलत नव्हते तेही बोलू लागले: ‘फादरांनीच काढलं, म्हणजे काहीतरी असेलच.’

मला वाटले होते, मी त्याग केला. चांगली शिक्षिका गमावली, मनाला दुःख झाले. पण त्याग माझा नव्हताच. लोकांसाठी एकाचे गेलेले बरे, हा हिशोब कयफाचा आहे, आणि तो मी झग्यात राहून केला होता.

२०२० च्या टाळेबंदीत दूरदर्शनने ती जुनी मालिका पुन्हा दाखवली. चर्चची दारे बंद होती. मी पाद्रीघरात एकटा बसून पाहत होतो. सीता अग्नीपुढे उभी राहिली आणि बत्तीस वर्षांपूर्वीचा आजीचा आवाज कानात आला. त्या रात्री मी त्या बाईंना फोन केला आणि क्षमा मागितली. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “फादर, तुम्ही एकदा मला बोलावून विचारलं असतंत, तर वर्गासाठी मी स्वतःहून थांबले असते. तुम्ही विचारलंच नाहीत.”

ही गोष्ट मी त्यांच्या परवानगीने, त्यांची ओळख कळणार नाही अशा रीतीने सांगितली आहे. त्यांच्या त्या एका वाक्यात दोन वनवासांतला सगळा फरक आहे. विचारले असते तर तो त्यांचा त्याग झाला असता. न विचारल्यामुळे तो माझा अन्याय झाला.

बंधुभगिनींनो, आपण वाईट माणसांपासून सावध असतोच. चांगल्या माणसांनीही स्वतःपासून थोडे सावध राहायला हवे. ‘घराण्याची अब्रू’ म्हणून लेकीचे शिक्षण थांबवणारा बाप दुष्ट नसतो. ‘लोक काय म्हणतील’ म्हणून सुनेला माहेरी ठेवणारी सासू रोज रोझरी म्हणणारीही असू शकते. समाजकार्यासाठी रात्रंदिवस झटणाऱ्या माणसाच्या चांगुलपणाचे बिल त्याची बायको-मुले भरत असतात. आपण जे तत्त्व पाळतो त्याची किंमत कोण मोजतो आहे, आणि त्या माणसाला आपण विचारले आहे का, एवढा एक प्रश्न आज घरी जाऊन प्रत्येकाने स्वतःला विचारावा. मीही विचारणार आहे.

आणि विचारायला कोणी नसेल, तर घरातल्या आजीला विचारा. हात जोडलेले ठेवूनही खरे बोलता येते, हे तिला आपल्यापेक्षा चांगले ठाऊक असते.

तुमचा,
प्रमुख धर्मगुरू